लाईट गेल्यावरचं सोलर

४ मार्च
दुपारी १२.५० ला लाईट गेली, ३.३५ ला आली. इन्व्हर्टर एक तास पाच मिनिटं टिकला. पुढे ऑक्सिजनचा सिलिंडर.
सु.च्या बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र नव्वदच्या खाली उतरलं नाही. डॉक्टरांच्या हिशेबानं चांगला दिवस. सु.च्या हिशेबानं: "लाईट गेली का तुमचं तोंड पाहूनच मले जास्त दम लागते."
मशीनला आम्ही जावईबुवा म्हणतो. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं तिच्या नाकाशी पोचवणारं पांढरं डबडं. पलंगाशेजारी मानानं बसतं, दिवसभर गुरगुरतं, आणि लाईट गेली की रुसून असं किंचाळतं की शेजारच्या शोभाताई खिडकीत येतात. खऱ्या जावयाचा अजून पत्ता नाही. प्रज्ञा पुण्याहून फोनवर म्हणते, "बाबा, याचे नखरे पाहून मला लग्नच नको."

९ मार्च
विजेचं बिल. मशीन येण्याआधीच्या बिलाच्या तिपटीहून जास्त. सोळा तास ऑक्सिजन हवाच असं डॉक्टर म्हणाले होते. आता वीस होतात. उरलेल्या चारात आंघोळ, जेवण, आणि माझ्याशी भांडण. भांडणाला नळी लावूनच बसते अलीकडे.
पंखा बंद करून बघितला. तिनेच चालू करायला लावला. "बिलासाठी मारता का मले?"
गंमत होती. हसलो. नंतर अंगणात जाऊन उगाच उभा राहिलो.

११ मार्च
उंद्रीच्या पाणीटाकीची बातमी लिहिली. सु.नं वाचली.
हा रिवाज लग्नाइतकाच जुना. मी लिहायचं, तिनं मोठ्यानं वाचायचं, ती जिथं अडखळेल तिथं मी कात्री लावायची. तालुका वार्ताहर म्हणून माझी चिखलीत जी काही अब्रू आहे ती या कात्रीची. एम.ए. संस्कृत करून आलेला माणूस, पहिल्या वर्षी बातमीत सात ओळींचं एक वाक्य लिहायचा. बाबांनी मुद्दाम संस्कृत घ्यायला लावलं होतं. "जे आपल्याले ऐकू देत नव्हते, ते तू बोलून दाखव." बोललो. पण चिखलीत ऐकायला सु. एकटीच.
आता तिचा दमच कमी, म्हणून वाक्यंही तेवढीच. आज 'उपरोल्लिखित' वर थांबली. "हा शब्द म्हणेपर्यंत माझ्या नळीतला ऑक्सिजन वापस जाते." काटला.

१५ मार्च
धनंजय आला. दहावीला माझ्याकडे संस्कृतच्या शिकवणीला होता. धातुरूपं कधी आली नाहीत, पण बोलणं तेव्हाही सुंदर. आता सोलरचा धंदा. गच्चीवर चढला, पावलांनी मोजलं, खाली येऊन चहा घेतला.
आकडा: तीन किलोवॅट, सहा पॅनल, एक लाख पंच्याण्णव हजार. पैकी अठ्ठ्याहत्तर सरकार वापस देणार, नंतर, खात्यात. पॅनलखालून माणूस चालता यावं इतका उंच सांगाडा हवा असेल तर पंधरा वर.
सु. पलंगावरून: "उंचच पाह्यजे. वाळवण कोठी घालू मंग?"
ती गच्चीवर चढून सव्वा वर्ष झालं. धनंजयनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उंचच कर.
"पण लाईट गेल्यावर चालते न?" हे मी विचारलं. नक्की विचारलं. आता लिहून ठेवतो.
त्यानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कात्रण काढलं. आमचाच पेपर, चौथं पान. 'सोलर बसवा, भारनियमन विसरा'. खाली 'वार्ताहर, चिखली'.
"सर, तुमीच तं लेह्यलं आहे."
खरंच की. जानेवारीतली. वाचली. चांगली लिहिली होती, पटली मला.

१८ मार्च
एफडी मोडली. तिच्या उपचारांसाठीच ठेवलेली, तर हा उपचारच. बँकेतल्या बाई विचारतात, "कारण काय लिहू?" सूर्य, म्हटलं. हसल्या नाहीत.

२ एप्रिल
सांगाडा उभा राहिला. गच्चीवर ड्रिल चालू झालं की खाली सु. कान दाबते. जावईबुवा मात्र शांत. बहुतेक जाणतात की हे सगळं त्यांच्याच मानपानासाठी.
संध्याकाळी दोन वानरं येऊन नव्या पाइपावर लोंबकळून गेली. पाहणी करून गेली म्हणायचं.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीची रोषणाई, आणि डी.जे. असा की छातीत ठोके. सु. गेटपर्यंत आली, नळी लांब करून. निळा गुलाल तिच्या केसांवर. पाच मिनिटं उभी राहिली, मग म्हणाली, "आता नेजा मले आत." ती स्वतःहून असं म्हणत नाही कधी.

१९ एप्रिल
नेट मीटर लागलं. दुपारी धनंजयनं बटण मला दाबायला लावलं. आपली वीज बाहेर गेल्याचा आकडा मीटरवर चढू लागला. एवढा आनंद मला प्रज्ञाच्या निकालाचा झाला होता.
जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी धनंजय घेऊन गेला, सहा हजार वळते करून. "सर, सोलर आल्यावर हे डबडं कायले?" बरोबर. सिलिंडर तर भाड्याचा, तोही खामगावला वापस करून टाकला. कोपरा रिकामा झाला. सु.नं तिथं तुळशीएवढी कुंडी ठेवायला लावली.

२१ एप्रिल
दोन दिवसांत लाईट गेलीच नाही. सु. म्हणते, खर्च केला का जात नाही, अशी तिची जात.

३० एप्रिल, आखाजी
क्रमानं लिहितो.
११.४०. ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नाही. लाईट गेली, जावईबुवा किंचाळले. मी हसत म्हटलं, थांब, आता बघ. पंधरा मोजले. मग तीस. गच्चीवर पळालो. सहाही पॅनल लखलखताहेत आणि भिंतीवरच्या डब्यात एक लाल दिवा. बटण वर, खाली, वर. काही नाही.
धनंजयचा फोन लागेना. सिलिंडर नाही. इन्व्हर्टर नाही. कोपऱ्यात कुंडी.
बोटावर ८६. मग ८३.
शोभाताई म्हणाल्या, मागल्या गल्लीतल्या मंगल कार्यालयात लग्न आहे, तिथं जनरेटर आहे. ऑटो. सु.च्या मांडीवर मशीन, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. ८१ पर्यंत पाहिलं, पुढे पाहायचं सोडून दिलं.
मांडवात मंगलाष्टकं चालू होती. डेकोरेशनवाल्याला म्हटलं, दादा, मशीनसाठी एक पिन. त्यानं स्टेजवरच्या कमळाचे दिवे काढले आणि पिन दिली. वधूवरांच्या मागे, पडद्याआड, प्लास्टिकच्या खुर्चीवर सु. कमळाच्या वाटणीच्या विजेवर श्वास घेत होती. वीस मिनिटांनी ९०.
मग एक बाई हळदीकुंकू घेऊन आल्या. "तुमी कोणाकडच्या? नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या?"
सु. म्हणाली, "जनरेटरकडच्या."
बाई हसत सुटल्या. ताट आणून दिलं. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. सु.नं दोन घास खाल्ले, बुंदी मला दिली. मी तिथं पडद्यामागे उभा राहून बुंदी खात रडलो. मंगलाष्टकांचे दोन श्लोक चुकीचे म्हटले जात होते, तेही ऐकू येत होतं. माणसाचा स्वभाव.
२.२० ला लाईट आली. नवरदेवाच्या बापानं, ओळख ना पाळख, ऑटोचे पैसे दिले.

१ मे
सकाळी फाट्यावर वायरमन सलीमभाई दिसले. गाडी थांबवून विचारलं, माझं सोलर बिघडलं का?
"बिघडलं नाई भाऊ. बराबर चाललं. लाईन गेली का तेही बंद पडते, त्याले तसंच बनवते."
"पण काऊन?"
"तुमी सांगा. लाईन बंद करून मी खांबावर चढलो, तारेले हात लावला, आन् तुमच्या गच्चीवरून करंट आला तं? मी कोळसा. आमच्यासाठीच बंद होते ते. लाईट गेल्यावर पाह्यजे असंन तं बॅटरीवालं दुसरं येते, महाग. कोणीच सांगतलं नाई तुमाले?"
मीच उलटं सांगितलं होतं. चौथ्या पानावर. अख्ख्या जिल्ह्याला.
काल सलीमभाई दुपारी कुठं होते विचारलं. आमच्याच लाईनच्या फीडरवर, खांबावर. म्हणजे माझं सोलर माझ्या म्हणण्यासारखं चाललं असतं तर...
दोघांपैकी कोणाचा श्वास, असं कोणी विचारलेलं नाही मला. बरं झालं.

१ मे, संध्याकाळ
धनंजयचं करारपत्र काढलं. सातवं पान, इंग्रजी, बारीक अक्षर. लाईन गेली की बंद, असं लिहिलेलं आहे.

२ मे
जानेवारीतली बातमी कशी लिहिली ते आठवून काढलं. सु. बुलढाण्याला ॲडमिट होती, नऊ दिवस. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून, संपादकांचा फोन आला म्हणून, धनंजयच्या पत्रकावरून मोबाईलवर उतरवली. पत्रकातलं 'भारनियमनापासून मुक्ती' तसंच उचललं. कोणाला फोन केला नाही. आणि सु.नं वाचली नाही. इतक्या वर्षांत तिनं न वाचलेली ती एकच बातमी.
दोन महिन्यांनी तीच छापील कात्रण म्हणून समोर आली, तर वाटलं, कोणीतरी जाणत्यानं लिहिलं आहे.
न्यायदर्शनवाले नैयायिक शब्दाला, म्हणजे जाणत्याच्या सांगण्याला, प्रमाण मानतात. आपले बौद्ध आचार्य मानत नाहीत. डोळ्यांनी पाहा नाहीतर तर्क लढवा, तिसरं काही नाही. घर बौद्धांचं, एम.ए.ला पेपर हाच, त्यात पहिला वर्ग. आणि भुललो कशाला? शब्दाला. तोही माझ्याच.
सु.ला सांगितलं. ती म्हणाली: "मी वाचली असती तं म्हटलं असतं, रात्री सूर्य कोठी राह्यते हो?"
एवढा एक प्रश्न. तो मला सुचला नाही.

३ मे
धनंजय आला. मी ओरडेन म्हणून तयारीनं आला होता. माझ्यानं ओरडवलं नाही. पाया पडला. जुना इन्व्हर्टर-बॅटरी गाडीत घालून आणलेली. "सर, तुमचीच आहे, ठेवा." मला वाटतं त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. पत्रक कंपनीकडून आलं, त्यानं वाटलं, मी छापलं, आणि माझं छापील त्यानं पुन्हा वाटलं. दोघेही एकमेकांच्या भरवशावर.
लाईट गेल्यावर चालणारं हवं तर: इन्व्हर्टर बदलायचा, लिथियमची बॅटरी जोडायची, आणखी एक लाख सत्तर. मग दिवसा सूर्य, रात्री बॅटरी, जावईबुवा कधी रुसणार नाहीत. हे खरं का? म्हटलं, लिहून दे. दिलं. मराठीत, मोठ्या अक्षरात.
एफडीचं उरलेलं सांगायला नको. सरकारचे अठ्ठ्याहत्तर अजून यायचे आहेत.
सिलिंडर पुन्हा खामगावहून. छोटा, आठ तासांचा. नवी साधी बॅटरी घ्यावी तर दुकानदार म्हणतो या मशीनला दोन-अडीच तास. पावसाळ्याआधी झाडं छाटायला सहा-सहा तास लाईन बंद ठेवतात, आणि वारं सुटलं की कधी दीड दिवस.

८ मे
सु.ला घेऊन बुलढाण्याला, डॉक्टरांकडे. वाटेत तिनं खिडकी उघडायला लावली. फुफ्फुसं आणखी आखडली आहेत. "चोवीस तास लावा आता. खंड नको." डॉक्टर हळू बोलले. हळू बोलणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.
बाहेर बाकावर रोहिणखेडचे एक गृहस्थ. शेतकरी, पांढरी टोपी, सोबत आई. तिच्याही नाकाला तीच नळी. आमचे जावई एकाच कंपनीचे निघाले, म्हणून बोलणं झालं.
"आमी बी आता सोलर बसवून राह्यलो. लाईटीचं टेन्शनच नको." खिशातून पाकीट, पाकिटातून घडी घातलेलं कात्रण. चौथं पान.
म्हटलं, दादा, हे खोटं आहे. लाईट गेली की हे बंद पडतं. माझ्याच घरी झालं.
"पेपरात आलं हाय न भाऊ."
"ते मीच लिहिलं आहे."
त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहरा खुलला. आईला म्हणाले, "आये, हे पाह्य, पेपरवाले साहेब." मग मला: "मंग तं खरंच असंन."
किती सांगितलं. लाल दिवा, मंगल कार्यालय, सगळं. ते हो-हो म्हणत होते, जसं आजारी बाईच्या नवऱ्याला म्हणतात. कात्रण घडी घालून परत पाकिटात गेलं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. आमचा नंबर पुकारला.

९ मे
काल बुलढाण्याहून येताना सु.नं खिडकी मिटून घेतली. घरी आल्यावर: "त्या म्हातारीच्या गल्लीत जनरेटरवालं लग्न असंन का?"

१२ मे, पौर्णिमा
सु.नं पांढरी साडी नेसली. विहारात जाणं शक्यच नाही. घरीच मेणबत्ती, नळीपासून लांब ठेवा म्हणून मी तीनदा सांगितलं. त्रिसरण तीन दमांत म्हटलं तिनं. मागे एका दमात म्हणायची, माझ्या आधी संपवायची, आणि मग माझ्याकडे बघायची.

१५ मे
खुलासा लिहायला बसलो. चार वेळा. पहिल्यात दोष पत्रकाचा, दुसऱ्यात कंपनीचा, तिसऱ्यात 'अनवधानाने'. अनवधान हा फार उपयोगी शब्द आहे, त्यात कोणीच राहत नाही. फाडले.

१७ मे
कसं कळलं ठाऊक नाही (संपादकांशी फोनवर नुसतं बोललो होतो), धनंजय संध्याकाळी हजर. सु.साठी आंबे. बराच वेळ जावईबुवांकडे बघत बसला.
"सर, ती लिथियमवाली इन्व्हर्टर-बॅटरी मी माझ्या खरेदीत देतो. पैसे तुमच्या सोयीनं, दोन वर्षांत, तीन वर्षांत. काकूंसाठी. पण ते पेपरात... चाळीस घरं झाली माझी. सगळे उद्या दारात येतीन. दुकान बंद करा लागंन मले."
मी म्हटलं, रोहिणखेडला एक म्हातारी आहे.
"नाव सांगा न, मी सोता जाऊन समजावतो."
नाव मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर खुलासा लिहायचा विचार मी सोडला असता का? या प्रश्नाचं उत्तर वहीतही लिहीत नाही.
गेटपाशी तो म्हणाला, "सर, तुमीच शिकवलं होतं, सत्य बोला पण गोड बोला."
त्याला इतक्या वर्षांत आठवलेलं एवढंच संस्कृत.

१८ मे
मधल्या खोलीत आंब्यांचा वास. कोणी खात नाही.
प्रज्ञाचा फोन. सगळं ऐकून घेतलं. "बाबा, आधी आई." मग रडली. मग म्हणाली, "मला काय विचारता? मला नका विचारू."

१९ मे
वारं. ४.१० ला लाईट गेली, ८.३० ला आली. इन्व्हर्टर ५५ मिनिटं, बाकी सिलिंडर. काटा निम्म्यावर. खामगावच्या माणसाला फोन: "साहेब, सध्या रांग लागेल आहे. दोन-तीन दिवस धरा."

२० मे
सु.लाच विचारलं. विचारू नये हे कळत होतं. ज्याचा श्वास त्यालाच विचारायचं, हा कुठला न्याय? तरी विचारलं.
"तुमी लेहा आधी," ती म्हणाली. "मी वाचते. मंग पाहू."
लिहिलं. एका बैठकीत. सहा वाक्यं.
वाचायला लागली. नळी नीट केली, चष्मा लावला, जशी नेहमी.
'घरावर बसवलेलं साधं सोलर लाईट गेल्यावर चालत नाही.' दम. 'वायरमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं.' दम. 'घरात ऑक्सिजनची मशीन असेल तर सोलरच्या भरवशावर राहू नका.' दम. 'बॅटरीवालं वेगळं येतं, त्याचा खर्च जवळपास दुप्पट.' इथं बरंच थांबली. बोटावर ८८. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तिनं दिला नाही. 'जानेवारीत याच पानावर आम्ही उलट छापलं होतं.' दम. 'ती बातमी मी खात्री न करता लिहिली.'
शेवटल्या वाक्यावर अडखळली. रिवाजाप्रमाणे मी पेन काढलं.
"हे काटू नका."
"तू थांबलीस न तिथं."
"थांबली, कारण दम संपला. वाक्य बराबर आहे."
मग उशीला टेकली. डोळे मिटूनच: "बॅटरी पाह्यजे मले. खोटं काऊन बोलू. लई पाह्यजे. पण मी वाचली न आता ही."

२१ मे
बातमी पाठवली. नावासकट. वार्ताहर या पडद्याआड नाही.
पाठवल्यावर लगेच वाटलं, परत मागवावी. मोबाईल सु.च्या उशीखाली ठेवला.

२२ मे
आली नाही. चौथ्या पानावर धनंजयची अर्धं पान जाहिरात. 'सूर्य तुमच्या दारी'.

२३ मे
संपादक: "बघतो हो. वरून विचारून सांगतो. आज रात्री पानं लागतील तेव्हा बघतो." 'बघतो' हे क्रियापद वर्तमानकाळी का लिहितात कळत नाही.
दुपारी धनंजय आला. आवाजात राग नव्हता, तेच अवघड. "सर, माल चिखलीत आला आहे. गाडीत भरून ठेवला. उद्याचा पेपर पाहतो. नसंन तं अकरा वाजता माणसं पाठवतो, दोन घंट्यात जोडून देतीन. असंन तं..."
सु.नं सगळं ऐकलं. तिला ऐकू जातं, तेवढं शाबूत आहे.

२४ मे
पहाटे वारं सुटलं. कडुलिंबाची फांदी तारेवर. ५.५० पासून लाईट नाही. सलीमभाईंना फोन: "भाऊ, तीन खांब पडले. सांगता येत नाई." तेही खांबावरूनच बोलत होते.
इन्व्हर्टर सात वाजायच्या आतच गेला. सिलिंडर चालू. काटा पावच्या खाली. खामगावचा माणूस म्हणतो बारापर्यंत नक्की. नक्की ना? "नक्कीच धरा."
आता साडेनऊ. आभाळ साफ झालं आहे. गच्चीवर कडक ऊन, पॅनलची सावली अंगणात सहा चौकोनांत पडलेली. शोभाताईंनी न सांगता त्या सावलीत कुरडयांचं प्लास्टिक पसरलं, मग उन्हात ओढलं. सु. खिडकीतून बघत होती. "अरे, त्या पातळ पडल्या," एवढं बोलून थांबली.
बोटावर ८९. मी तिच्या पलंगाशी, वही मांडीवर. लिहिलं नाही तर काट्याकडेच बघत बसतो.
पेपरवाल्याची सायकल उशिरा आली, रस्त्यावर फांद्या. पेपर फेकला तो ओसरीत पडला नाही, अंगणात, पॅनलच्या सावलीत पडला. इथून पहिलं पान दिसतं. चौथं आत.
सु.: "आना न तो."
"काटा बघू दे आधी."
"काटा मी पाह्यते. तुमी पेपर आना. मोठ्यानं वाचजा, मले चष्मा नको आज."
आली असेल तर. नसेल तर. दोन्हीपैकी काय हवंय हे मला या क्षणी सांगता येत नाही. पेपर वाऱ्यानं थोडा उघडतो आणि परत मिटतो.
उठतो.